सॅमन, रावस आणि खडशी

द्वितीय वर्षाच्या भाषांतराच्या तासाला एकदा मी एक इंग्रजी उतारा दिला होता. अमेरिकेतल्या एका विशाल सरोवरावर पहाटे होडी निघते. मागे दोन दोऱ्या पाण्यात सोडलेल्या आहेत. बाप सुकाणूपाशी आणि मुलगा दोरीवर बोट ठेवून बसलेला, दोघांत बोलणे जवळजवळ नाहीच. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी ‘सॅमन’च्या जागी ‘रावस’ लिहिलेले आढळले. मी लाल शाईने खुणा केल्या आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याहून येणारी एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. “सर, हॉटेलच्या कार्डावर रावसाला इंडियन सॅमनच लिहितात. पण तळ्याच्या गोड्या पाण्यात रावस कसा गावेल, ते मला पण कळलं नव्हतं. तरी लिहिलं.”

तिचे उत्तर चुकले होते आणि तिची शंका बरोबर होती. त्या शंकेचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आले की ही चूक माझ्या वर्गातल्या मुलांनी पहिल्यांदा केलेली नाही. ती किमान दीडशे वर्षे जुनी आहे आणि ती करणारे साहेबलोक होते.

सॅमन हा थंड प्रदेशातला मासा. नदीच्या उगमाकडल्या गोट्यागोट्यांच्या पाण्यात तो जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतो. इंग्रज माणसाच्या मनात या माशाला जे स्थान आहे ते निव्वळ चवीचे नाही. नदीकाठची जमीनदारी, सुट्टीचे दिवस, बापाकडून मुलाकडे आलेली काठी असे सगळे त्याला चिकटलेले आहे. हिंदुस्थानात आलेल्या अधिकाऱ्याला इथे आंबा मिळाला, वाघ मिळाला, पण सॅमन काही मिळेना. मग त्याने तो नावापुरता निर्माण केला. किनाऱ्यावर त्याला रावस दिसला. अंगाने मोठा, चंदेरी, समुद्रातून खाडीत शिरणारा. त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हटले गेले. वास्तविक रावसाचे कूळ निराळे आहे. त्याच्या छातीच्या पराखाली चार मोकळे तंतू लोंबत असतात आणि गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपडत भक्ष्य शोधतो. आमच्या कोळणीला हे सांगायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

देशावर आणि घाटात साहेबाला दुसरा ‘सॅमन’ सापडला, तो महाशीर. या नावाची व्युत्पत्ती कोणी ‘महा-शिर’ अशी सांगतो, कोणी फारसी ‘माही’ म्हणजे मासा आणि ‘शेर’ अशी. मद्रास सनदी सेवेतला हेन्री सलिव्हन थॉमस दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी होता. त्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने महाशीराची तुलना वारंवार सॅमनशीच केली, आणि सारख्या वजनाचा महाशीर सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो असा कौल दिला. कौल आपल्या बाजूने आहे म्हणून खूश होण्याचे कारण नाही, कारण मोजपट्टी शेवटी सॅमनचीच राहिली. महाशीर हा रोहू-कटल्याचा भाऊबंद. तो समुद्र कधी पाहत नाही.

थॉमसच्या ग्रंथाआधी तीन-चार दशके दुसऱ्या एका इंग्रजाने वेगळी वाट धरली होती. त्याच्याविषयी मराठीच्या विद्यार्थ्यांना माहिती असायला हवी असे मला वाटते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनभर हिंडला. पेशवाई जाऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. शेते, पिके, वजनेमापे, पर्जन्यमान यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. त्याने वर्णिलेले दख्खनचे मासे १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकातून जगापुढे आले. शास्त्रीय नाव म्हटले की ते लॅटिन असायला हवे. पण साइक्सने पुष्कळ ठिकाणी नदीकाठच्या माणसाने सांगितलेला शब्दच लॅटिनच्या पंगतीला नेऊन बसवला. खुद्री, मुसुल्लाह, कोलुस, नुक्ता, फुलुंगी, शिंगटी, गुंगवारी, अळकुटी. ही यादी मोठ्याने वाचून पाहावी. एखाद्या मावळी बाजारात उभे राहिल्यासारखे वाटते. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत त्याला मिळालेला महाशीर म्हणजे आपली खडशी. ‘खडशी’ची त्याच्या कानाने ‘खुद्री’ केली आणि आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ तिला ‘टॉर खुद्री’ म्हणूनच ओळखतात.

म्हणजे एकाच शतकात, एकाच राज्यकर्त्या समाजातून आलेल्या माणसांनी एकाच माशाला दोन प्रकारे नावे दिली. एकाने आपल्या घरच्या आठवणीचे नाव त्याच्यावर चढवले, दुसऱ्याने समोरच्या माणसाला विचारले. साइक्सचे उच्चार वेडेवाकडे आहेत, पण त्याने विचारले होते हे विसरता येत नाही. आणि गंमत अशी की आज माझ्या वर्गात ‘इंडियन सॅमन’ सर्वांना कळते, ‘खडशी’ कोणालाच नाही. कोकणातल्या मुलांना ती माहीत असण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. मात्र महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत हा मासा देवीचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेला आहे. त्याला लोक चुरमुरे घालतात, गळ घालत नाहीत.

आता तळ्याकडे येतो, कारण उतारा तळ्याचा होता.

माझ्या उताऱ्यातले सरोवर मिशिगन होते. रत्नागिरी जिल्ह्यासारखे सात जिल्हे त्यात सहज मावतील. पण त्या सरोवरातही सॅमन मूळचा नव्हे. विसाव्या शतकात कालव्यांच्या वाटेने समुद्रातले जीव या गोड्या सरोवरांत शिरले. त्यांतल्या लॅम्प्रे या रक्तपिपासू जीवाने आणि बेसुमार मासेमारीने तिथले मोठे मासे संपवले. मोठे मासे संपल्यावर एलवाइफ नावाची एक छोटी, तारलीच्या जातकुळीतली मासळी इतकी माजली की १९६७ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर तिच्या मेलेल्या राशी लागल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ च्या वसंतात, मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याचा प्रमुख हॉवर्ड टॅनर याने पॅसिफिक किनाऱ्यावरून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेले कोहो सॅमनचे पिल्लू तिथल्या नद्यांत सोडले होते. हेतू दुहेरी होता. एलवाइफ खाल्ली जावी आणि लोकांना गळाची मौज मिळावी. दोन्ही साधले. १९६७ च्या शरदात माणसे लहानसहान होड्या घेऊन सरोवरावर अक्षरशः लोटली. २३ सप्टेंबरला वादळ आले आणि सात जण बुडाले.

चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याची पद्धत तिथे रूढ झाली त्यालाही कारण आहे. नदीत मासा ठरावीक वाटेने येतो, माणसाने काठावर थांबले तरी चालते. सरोवरात त्याला वाट नसते. आपल्याला मानवणाऱ्या थंडाव्याच्या थरात तो खोलवर फिरत राहतो. म्हणून जड वजन लावून दोरी त्या थरापर्यंत उतरवायची आणि आमिष हिंडते ठेवायचे. इंग्रजीत याला ट्रोलिंग म्हणतात. आजच्या विद्यार्थ्याला ट्रोल म्हटले की समाजमाध्यमांवरचा टवाळखोर आठवतो. त्या अर्थामागेही हेच ओढते आमिष आहे असे मानले जाते. आमच्या किनाऱ्यावर सुरमईसाठी होडीमागे गरी सोडतात तेव्हा तत्त्व हेच असते, फक्त त्याला कोणी साहित्यात नेले नाही.

असे कृत्रिम तळे, बाहेरून आणलेला मासा आणि हौशी गळकरी यांची गाठ महाराष्ट्रातही पडली आहे. टाटांनी मावळात धरणे बांधली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील पाण्यावर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढे ठोकरवाडी, आणि त्यानंतर मुळशी. मुळशी म्हटले की सेनापती बापट आणि १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह आठवतो. विनायकराव भुस्कुटे यांनी त्या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला आहे. या तळ्यांखाली आंबेमोहोराची खाचरे आहेत, देवळे आहेत, वाड्यांचे चौथरे आहेत. पाण्यावरच्या माणसाला त्यातले काही दिसत नाही.

धरणाने माणसांची गावे गेली तशी खडशीची वाटही अडली. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर जाऊन वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात अंडी घालणे हा तिचा धर्म. कोकणात आपण ‘चढणीचे मासे’ म्हणतो, ते याच धर्माचे. (सॅमनची सारी कहाणी या दोन शब्दांत मावते. कोशकारांनी इकडे लक्ष द्यावे.) भिंत आली की चढण संपली. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला खडशीची अंडी काढून कृत्रिमरीत्या फलित करण्यात यश मिळवले. टाटांच्या वळवण येथील केंद्रात एस. एन. ओगले यांनी हे काम पुढे अनेक वर्षे चालवले. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून दूरवर धाडता येतात हेही तिथेच सिद्ध झाले. नाहीशा होत चाललेल्या माशाची पिल्ले लाखांनी तयार होऊ लागली. ही कामगिरी लहान नव्हे. मराठी विज्ञानलेखनाने तिची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही. ही पिल्ले देशभर मागणीप्रमाणे गेली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, प्रचंड. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा मासा धरला, तो याच नदीकुटुंबातला. विसाव्या शतकाच्या शेवटी कावेरीकाठच्या गालिबोरे येथील शिबिरात येणारे हौशी गळकरी आपापल्या माशांची नोंद ठेवत. मासा धरायचा, मोजायचा आणि परत सोडायचा असा तिथला शिरस्ता होता. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा दिसले ते असे : निळ्या परांची, म्हणजे आपली लोणावळ्याची, खडशी वाढत गेली आणि कुबडाचा महाशीर गळाला लागेनासा झाला. पिल्ले सोडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मोठ्या कागदावर सारे ‘महाशीर’ एकच होते, इतकेच.

सर्वांत बोचणारी बाब पुढची आहे. थॉमसच्या काळापासून गळकऱ्यांनी ज्याची छायाचित्रे काढली, वर्णने लिहिली, विक्रम मांडले, त्या कावेरीच्या माशाला शास्त्रीय नावच नक्की झालेले नव्हते. केरळातल्या पांबार नदीवरून आधीच वर्णन झालेल्या ‘टॉर रेमादेवी’ या जातीचाच तो आहे, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेला. ज्याला नाव नाही त्याला वाचवा असे कोणाला आणि कसे सांगायचे? साइक्स कावेरीकाठी गेला असता तर त्याने तिथल्या कोळ्याला काय विचारले असते, असा एक निरुपयोगी विचार माझ्या मनात येऊन जातो.

मिशिगनच्या शेजारच्या ह्यूरॉन सरोवरातही हिशेब असाच उलटला. परके शिंपले शिरले, पाण्यातले सूक्ष्म अन्न आटले, एलवाइफ कोसळली आणि २००४ च्या सुमारास तिच्यावर जगणारा मोठा सॅमनही तिथे ओसरला. किनाऱ्यावरच्या ज्या गावांचा धंदा गळकऱ्यांवर चालत होता त्यांचे त्यानंतर फार हाल झाले.

मुलीने मला विचारले होते की मग मराठीत लिहायचे तरी काय. ‘रावस’ लिहिले तर तळे खारट होते. ‘महाशीर’ लिहिले तर लोणावळ्याची चूक वहीत होते. ‘सॅमन’ तसाच ठेवला तर आजीला कळत नाही. तिने पुढच्या खेपेला ‘चढणीचा सॅमन’ असे लिहून आणले. सरोवरात सोडलेला मासा अंडी घालायला तिथल्या नदीतच चढतो, हे तिने कुठूनसे वाचून काढले होते. मी त्या दोन शब्दांखाली काहीच खूण केली नाही आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. तो उतारा मी अजून शिकवतो. कोयनेचे पाणी शिवसागरातून बोगद्याने पोफळीला उतरते आणि वाशिष्ठीतून आपल्या खाडीला मिळते, हे त्या तासाला फळ्यावर काढून दाखवतो. वरच्या तळ्यात कोणकोणते मासे आहेत असे मुले विचारतात, तेव्हा साइक्सची यादी काढून वाचायला देतो.