चित्रकथेचे पहिले पान कोणते?

दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या हाती चित्रकथा दिसली की घरातले कोणीतरी वडीलधारे म्हणतेच, "चित्रे कसली बघत बसलास? काहीतरी वाच!" जणू चित्र पाहणे निराळे आणि वाचणे निराळे! आपल्याकडची परंपरा तसे मानीत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंत आजही चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रांची पोथी असते. त्यातले एकेक चित्र लोकांपुढे धरायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा सांगायची, असा हा प्रकार. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत जे घडले, ते श्रोत्याने मनाशी पाहायचे. छापील चित्रकथा वाचण्याची किल्लीही हीच. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत कथा पुढे नेण्याचे काम वाचकाचे असते.

छापील चित्रकथेचा एक मोठा उगम स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे सापडतो. रोडॉल्फ टॉप्फर हे तेथील शाळामास्तर. चित्रकार व्हायचे स्वप्न अधू दृष्टीमुळे राहून गेले. मग १८२७ च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चौकटीचौकटींतून विनोदी गोष्टी रेखाटल्या. त्या वृद्ध गटेच्या पाहण्यात आल्या, आणि त्या महाकवीने त्यांची वाखाणणी केली. १८३३ साली त्यांतली एक पुस्तकरूपाने छापली गेली. ज्याला आज पोरखेळ म्हणतात, त्याचा पहिला चाहता असा तोलामोलाचा होता!

पुढे अमेरिकेत या कलेचा मोठा धंदा झाला. १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्या मालिकेचा हजारावा अंक २०१८ साली निघाला. येथेच नवा वाचक बिचकतो. हजार अंक कधी वाचायचे? आणि पहिला अंक वाचला नाही तर पुढचे कळणार कसे? ही भीती अनाठायी आहे. अशा मालिका पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या हातांनी लिहिल्या जातात. १९८६ साली जॉन बर्न यांनी तर सुपरमॅनचे चरित्र पहिल्यापासून नव्याने मांडले. तेव्हा अंकाचा क्रमांक पाहू नये. एका लेखकाने सांगितलेली, आपल्या जागी पुरी होणारी कथा निवडावी.

याचा पुरावा आपल्या घरातही आहे. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातले उत्तर आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून अनंत पै अस्वस्थ झाले, आणि १९६७ साली मुंबईहून 'अमर चित्र कथा' सुरू झाली. जिच्यापासून या मालिकेची खरी ओळख झाली, ती राम वाईरकरांनी रेखाटलेली 'कृष्ण' ही कथा. तिचा क्रमांक आहे ११. कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते! घराघरांतील वाचकांनी अकरापासून आरंभ केला, आणि कोणाचे काही अडले नाही.

वडीलधाऱ्यांचा धाक मात्र तिकडेही होता. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा गिल्ला केला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरून प्रकाशकांनी स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. प्रौढांच्या सुखदुःखाला त्या चौकटींत मग फारशी जागा उरली नाही. ती पुन्हा मिळवणाऱ्यांपैकी एक विल आयस्नर. त्यांच्या 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' या १९७८ च्या पुस्तकापासून 'ग्राफिक नॉव्हेल' हे नाव रूढ होत गेले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका चाळीच्या या चार कथा. पहिल्या कथेतला धर्मनिष्ठ माणूस लाडकी मानलेली मुलगी दगावल्यावर देवाशी भांडतो. आयस्नर यांची स्वतःची मुलगी सोळाव्या वर्षी वारली होती, हे ठाऊक असले की तो पाऊस आणि ते अंधारे जिने निराळेच दिसू लागतात.

आर्ट स्पीगलमन यांनी ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी 'माउस'मध्ये सांगितली. त्यात ज्यू उंदीर आहेत, नाझी मांजरे. १९८६ आणि १९९१ अशा दोन भागांत निघालेल्या या पुस्तकाला १९९२ साली विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांच्या हातून डॉ. आंबेडकरांचे 'भीमायन' साकार झाले. त्यात साच्याच्या चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचा संवाद पक्ष्याच्या आकारात येतो, तर विषारी बोलणाऱ्याच्या संवादाला विंचवाची नांगी असते. पाण्यासाठी तहानलेल्या शाळकरी भीमाला कोण काय बोलले, हे अक्षरे वाचण्याआधीच कळते.

तेव्हा आरंभ कुठून करावा? ज्या कथेशी आपले आधीच नाते आहे, तिथून. लहानग्यांनी 'कृष्ण' घ्यावे. आंबेडकरांचे चरित्र ऐकून वाढलेल्यांनी 'भीमायन' उघडावे. चाळीत आयुष्य काढलेल्या आजोबांच्या हाती आयस्नर द्यावा. 'माउस' जरा मोठ्या मुलांसाठी. आणि तेही आईवडिलांनी बरोबर बसून वाचावे, कारण प्रश्न विचारले जातीलच. वाचताना मात्र घाई नको. आधी चित्र पाहावे, मग अक्षरे वाचावीत, आणि पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पिंगुळीचा कथेकरीही चित्र बदलताना तेवढा अवकाश देतोच.