काडी माणसाची, वणवा कोणाचा?

वाशीम जिल्ह्यात वणव्याचा विषय निघाला की एक उत्तर तयार असते: ‘आग माणूसच लावतो, हवामानबदलाच्या नावाने बिल कशाला फाडता?’

या मतात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. काळ्या जमिनीवर पिवळसर फुले लांबूनही दिसतात. तेंदूला पालवी जोमाने फुटावी म्हणून आग, धुऱ्यावरचे गवत पेरणीआधी निघावे म्हणून आग, शिवाय न विझवता फेकलेली विडी आहेच. काटेपूर्णेच्या पानगळी जंगलात वणवा आपोआप लागत नाही. इथवर प्रतिपक्षाशी माझे भांडण नाही.

भांडण पुढच्या उडीशी आहे. काडी माणसाने ओढली, म्हणून वणव्याचे कारणही माणूसच, हा निष्कर्ष निघाला कसा? तीच काडी त्याच धुऱ्यावर ऑगस्टमध्ये ओढून पाहा. काडीपेटी बारा महिने खिशात असते. मग वणवा बारा महिने का लागत नाही? वनखातेही 15 फेब्रुवारी ते 15 जून हाच आगीचा हंगाम धरते. ठिणगी आणि वणवा यांच्यामध्ये पाचोळ्यातला ओलावा उभा असतो, आणि त्याची सूत्रे हवेच्या हाती असतात.

हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. बाष्प मिळाले नाही, तर ती पानांतून, गवतातून, मातीतून ओढून घेते. सरासरी कमाल तापमान पाहिले, तर 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तोच मान पटकावला. अशा वर्षी पळस फुललेला असतानाच पाचोळा तळहातावर चुरतो. धुरा पेटवणाऱ्याचा अंदाज मात्र बापजाद्यांच्या फेब्रुवारीचा असतो. तो बेफिकीर झाला, की ऋतूनेच त्याला दगा दिला? एखाद्या वणव्याकडे बोट दाखवून ‘हा हवामानबदलाचाच’ म्हणणे मलाही पटत नाही. चांगल्या पावसाने कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात गवत माजले, तरी उन्हाळ्यात जळण वाढतेच. पण हंगामच सरकत असताना दोष फक्त काडीला देणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा: वणवा जंगलात लागतो, घरे जळतात ती शॉर्टसर्किटने. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी दाखवून दिले, की वणव्यात घर वाचेल की जाईल हे मुख्यतः घर आणि त्याच्या सुमारे शंभर फुटांच्या परिघात ठरते. पुष्कळ घरे उडत्या निखाऱ्यांनीच पेटतात. आपल्याकडे त्या परिघात काय असते? भिंतीला टेकवलेली पऱ्हाटी, गोठ्यावर तुराट्या, पलीकडे कुटार, आणि वरून लोंबणारी तार. तारेची ठिणगीही पडते ती याच कुटारावर. ती तारेतून आली की धुऱ्यावरून, हा वाद आग विझल्यावर घालता येईल. गंजी गोठ्यापासून दूर न्यायला आणि तिच्याभोवती वखराच्या दोन-चार पाळ्या घालायला त्या वादाचा निकाल लागत नाही; फेब्रुवारीतली एक सकाळ लागते.