रंगाऱ्याच्या पळीतली वीज

थंडीत टेरिकॉटची साडी उतरवताना चटचट आवाज येतो. कोरड्या केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो. ही घासल्याने आलेली वीज. ती थोड्या वेळात निघून जाते. लोहचुंबक मात्र वर्षानुवर्षं खिळे ओढतो. मग वीजही अशी एखाद्या वस्तूत मुरवून ठेवता येईल का? या प्रश्नामागे लागलेल्या माणसांची गोष्ट आज आम्ही सांगतो आहोत.

इंग्लंडमधल्या कँटरबरीत १६६६ साली स्टीफन ग्रे यांचा जन्म झाला. घरचा धंदा कापड रंगवण्याचा, तोच त्यांनीही केला. विद्यापीठाची पदवी नाही, हाताशी पैसा नाही. म्हातारपणी ते लंडनमधल्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रमात राहत. पण प्रयोगांची हौस काही सुटली नाही.

१७२९ साली त्यांनी एका मित्राच्या घरी लांबलचक सुतळी रेशमाच्या धाग्यांनी टांगली. काचेची नळी घासून तिची वीज सुतळीतून दूरवर पोचवली. वजनाने रेशीम तुटलं, म्हणून पितळेची तार लावली, तर वीज पुढे जाईना! तेव्हा कळलं की पितळ वीज पळवून नेतं आणि रेशीम अडवून धरतं. विजेच्या वायरीवर आज जे प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्यामागे हाच धडा आहे.

पुढे १७३२ साली त्यांनी राळ, लाख, मेण, गंधक असे पदार्थ लोखंडी पळीत वितळवले आणि थिजू दिले. मग ते गोळे कापडा-कागदात गुंडाळून ठेवले. अधूनमधून उघडून पाहिलं, तर कित्येक दिवसांनीही ते गोळे हलक्या वस्तू ओढतच होते. ग्रे यांनी हे सगळं लिहून रॉयल सोसायटीला कळवलं. या संस्थेचं कोपली पदक सर्वांत आधी मिळालं ते या रंगाऱ्याला.

१८८५ साली ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी अशा वस्तूला 'इलेक्ट्रेट' हे नाव दिलं, मॅग्नेटच्या चालीवर. तेही तार कंपनीतली नोकरी सोडून घरीच अभ्यास करणारे. पुढे जपानच्या मोतोतारो एगुची यांनी मेण आणि राळ वितळवून, जोरदार विजेच्या दाबाखाली थंड केली. चिक्कीचं बघा ना. पाक गरम असतो तोवर शेंगदाणे हलतात, थंड झाला की जागच्या जागी अडकतात. विजेचंही तसंच झालं.

१९६२ साली अमेरिकेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी मेणाऐवजी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा वापरला. पुढे त्यासाठी टेफ्लॉन वापरलं गेलं, नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच घराण्यातलं. त्यातून छोटा, स्वस्त मायक्रोफोन तयार झाला. वेस्ट हे कृष्णवर्णीय. शिकून नोकरी कोण देणार, म्हणून त्यांनी भौतिकशास्त्र घेऊ नये असं घरच्यांना वाटे. वडिलांनी त्यांना पीएचडी झालेली, तरी पोस्टात काम करणारी माणसंही दाखवली होती. वेस्ट मागे हटले नाहीत. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कॉलर माइक यांत त्यांच्याच पद्धतीचा मायक्रोफोन बसला.

एन-९५ मास्कच्या आतल्या थरातही अशीच मुरवलेली वीज असते. ती बारीक धूळ ओढून धरते. मिरची कांडणाऱ्या, मळणीवर जाणाऱ्या बायांनी लक्षात ठेवावं : हा मास्क साबणाने धुऊ नये. धुतला की तो दिसायला तसाच राहतो, पण वीज जाते आणि बारीक धूळ नाकात शिरते. आणि फवारणीच्या औषधाची वाफ तर नव्या मास्कनेही अडत नाही.

राळ, लाख, मेण, रेशीम यांची पारख ग्रे यांच्याआधीही कितीतरी कारागिरांना असणार. ग्रे यांनी ती तपासून लिहून ठेवली, म्हणून पुढच्यांना तिथून सुरुवात करता आली. आपल्या गटांतही कोणता रंग पक्का बसतो, कोणत्या डाळीचा पापड फुलतो, हे बायांना ठाऊक असतं. ते वहीत नसतं. हिशोबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवू या. माप, तारीख, काय जमलं, काय फसलं, सारं तिच्यात लिहू या. एका बाईच्या हातातलं ज्ञान तिच्याबरोबरच संपू नये.