घोडा तोच, स्वार निराळा

राजाचे चित्र समोर आले की आपण प्रथम त्याचा चेहरा पाहतो आणि तेज, करारीपणा, हुकमत तिथे शोधू लागतो. मला वाटते, हुकमतीचे खरे ठिकाण दुसरीकडेच असते. इंग्लंडातले एक कोरीव चित्र याची साक्ष देते.

व्हॅन डाइकने १६३३ मध्ये पहिल्या चार्ल्सचे भव्य तैलचित्र काढले. राजा मूळचा ठेंगणा. पण चित्रात तो पांढऱ्या घोड्यावरून कमानीखालून येतो आणि त्याचा अश्वशिक्षक मान वर करून त्याच्याकडे पाहतो. ३० जानेवारी १६४९ रोजी याच चार्ल्सचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. राजपदही रद्द झाले. १६५३ मध्ये क्रॉमवेल राज्याचा 'लॉर्ड प्रोटेक्टर' बनला. पुढे पियेर लोम्बार या फ्रेंच कारागिराने त्याचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पण घोडेस्वारीचा सारा थाट उचलला तो व्हॅन डाइकच्या चार्ल्सवरून! राजा नको म्हणणाऱ्यांच्या पुढाऱ्यालाही घोडा राजाचाच लागला.

तैलचित्र एका भिंतीवर राहते. पत्र्यावरच्या रेघांत मात्र शाई भरून, दमट कागद ठेवून, दाबयंत्रातून शेकडो छाप काढता येतात. आणखी एक सोय अशी की, नको तेवढ्या रेघा खरवडून, पत्रा मागून ठोकून सपाट केला की तिथे नवे कोरता येते. लोम्बारच्या पत्र्याचे हेच झाले. क्रॉमवेलचा चेहरा घासून काढला गेला आणि त्याच धडावर चार्ल्सचा चेहरा बसला. चेहराच नसलेल्या अवस्थेतले छापही शिल्लक आहेत. जाणकार त्याला 'बिनडोक्याचा स्वार' म्हणतात.

१६६० मध्ये चार्ल्सचा मुलगा गादीवर आला. ३० जानेवारी १६६१ रोजी, बापाच्या वधाची तिथी साधून, क्रॉमवेलच्या उकरून काढलेल्या प्रेताचे शिर तोडले गेले व वेस्टमिन्स्टर हॉलवर टांगले गेले. एकेका डोक्यासाठी देशाने एवढे रक्त सांडले. कारागिराला तेच काम करायला एक कोरणी पुरली.

त्या बिनडोक्या स्वाराची मला धास्ती वाटते. चेहरा नाही, तरी दरारा तसूभर कमी होत नाही. चिलखत तेच, घोड्याची ऐट तीच. म्हणून वर्गात इतिहास शिकवताना मी मुलांना सांगतो, गादीवर नवा माणूस आला की जयजयकार जरा थांबवावा. आधी त्याच्याखालचा घोडा कोणाचा, ते पाहावे.