पहिला एनडी फिल्टर कोणता घ्यायचा? वैतरणेच्या पाण्यावरून समजून घ्या

पावसाळा आला की जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याचे, वैतरणा नदीचे फोटो फीडवर दिसू लागतात. काहींमध्ये पाणी दुधासारखं मऊ दिसतं. त्यासाठी शटर अर्धा ते दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं, पण दिवसाउजेडी तसं केलं तर फोटो पांढराफटक पडतो. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, ही लेन्सपुढे लावायची करडी काच. ती फक्त उजेड अडवते.

फिल्टरवरचा आकडा उजेड किती पटीने कमी होणार ते सांगतो. एनडी 8 म्हणजे 3 स्टॉप, एनडी 64 म्हणजे 6 आणि एनडी 1000 म्हणजे साधारण 10. काही कंपन्या यांनाच 0.9, 1.8 आणि 3.0 म्हणतात. ऑनलाइन खरेदीत घोळ होतो तो इथेच.

आता हिशोब. आयएसओ 100 आणि एफ/11 ठेवलं, तर ढगाळ हवेत शटर साधारण 1/30 सेकंद येतं. एनडी 8 लावला की ते 1/4 सेकंद होतं, एनडी 64 लावला की 2 सेकंद. केळव्याच्या किनाऱ्यावर भर उन्हात मात्र 1/250 चं एनडी 64 मुळे जेमतेम 1/4 होतं. तिथे लाटांचं धुकं करायला एनडी 1000 लागेल. पण धबधबा, नदी आणि संध्याकाळचा समुद्र ही तिन्ही कामं एनडी 64 करतो. एकच घ्यायचा असेल तर हाच.

रिंग फिरवून गडद होणारा व्हेरिएबल फिल्टर मोहात पाडतो. व्हिडिओसाठी तो सोयीचा आहेच. पण स्वस्तातला असेल तर जास्त गडद केल्यावर फोटोवर फुलीसारखा काळा डाग उमटतो, वाइड लेन्सवर तर हमखास.

माप लेन्सच्या पुढच्या कडेवर Ø या चिन्हापुढे असतं. कॅननच्या बहुतेक 18-55 लेन्सना 58 मिमी लागतं. पुढे मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर 67 मिमीचा फिल्टर आणि स्वस्तातली स्टेप-अप रिंग घ्यावी, फिल्टर पुन्हा घ्यावा लागणार नाही. स्वस्त काचेने फोटोवर तांबूस किंवा निळसर झाक येऊ शकते. रॉमध्ये काढलेला फोटो नंतर बराच सुधारता येतो.

ट्रायपॉड नसेल तर आधी तो घ्या. हातात धरून दोन सेकंदांचा फोटो स्थिर येत नाही. आयफोनवाल्यांना तर फिल्टरचीही गरज नाही: लाइव्ह फोटो काढून त्यात ‘लाँग एक्स्पोजर’ निवडलं की झालं.

नदीत ट्रायपॉड रोवताना मात्र एक लक्षात ठेवा. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला किंवा मोडकसागर भरून वाहू लागलं, की खाली ऊन असतानाही वैतरणेचं पाणी चढतं. आणि वैतरणा स्टेशनजवळच्या रेल्वे पुलावर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.