एका अक्षराचा प्रश्न

आमच्या घराण्याची एक शाखा फार पूर्वी तंजावरास स्थायिक झाली. तिकडून आमच्या आजोबांकडे आलेल्या चीजवस्तूंत बोटाच्या नखाएवढे एक काळपट हिरवे नाणे होते. ते करूरजवळ अमरावती नदीच्या वाळूत मिळाले, असे ते सांगत. त्या वाळूतून अशी रोमन नाणी पुष्कळ निघाली आहेत. बालपणी आम्ही ते चिंचेच्या कोळाने घासून लख्ख केले आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली. त्या शाबासकीचे मोल आम्हांस पुढे कळले.

रोमन ब्राँझ नाणे हाती आले की नाव वाचण्याची घाई करू नये. आधी आकार पाहावा. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील सेस्टर्शियस हे तळहातावर वजन जाणवणारे, सुमारे 25 ग्रॅमचे पितळी नाणे. (ब्राँझ हा शब्द संग्राहकांच्या सोयीचा, अ‍ॅस हे नाणे तर निव्वळ तांब्याचे.) त्यांवर बहुधा ‘एस सी’, म्हणजे ‘सिनेटच्या ठरावाने’, ही अक्षरे असतात. आमचे नाणे दीड ग्रॅमच्या आसपासचे. तेव्हा ते चौथ्या शतकाकडे बोट दाखवीत होते.

मागील बाजूस दोन शिपाई समोरासमोर उभे असून त्यांच्यामध्ये एक ध्वज आहे. हा ‘सैन्याचा गौरव’ या लेखाचा प्रकार. 330पासून त्यावर दोन ध्वज असत. 335च्या सुमारास नाण्याचे वजन घटले, तसा ध्वजही एकच उरला. शिपायांच्या पायांखाली ‘एस एम ए एन’ ही अक्षरे भिंगातून दिसतात. पहिली दोन ‘पवित्र टांकसाळ’ या अर्थाची, पुढची दोन अँटिऑकची. त्यापुढचे अक्षर टांकसाळीतील विभागाचे. ते गेले आहे.

पुढील बाजूच्या मुखवट्यावर पानांची माळ आहे. या प्रकारात रत्नजडित पट्टा सम्राटाचा, तर माळ सीझरांची, म्हणजे युवराजांची. कॉन्स्टंटाइन मे 337 मध्ये निवर्तला आणि त्याचे तिघे पुत्र 9 सप्टेंबरला सम्राट झाले. म्हणजे आमचे नाणे 335 ते 337 या अवघ्या दोन-तीन वर्षांतले.

उरले नाव. ‘स्टान्टि’ एवढे वाचता येते. यामुळे धाकटा कॉन्स्टन्स बाद होतो, डल्मेशियसही बाद होतो. पुढे ‘एन’ असता, तर तो कॉन्स्टंटाइन दुसरा. ‘व्ही’ असता, तर कॉन्स्टन्शियस. पहिला 340 मध्ये धाकट्या भावावर चालून गेला आणि अक्विलियाजवळ मारला गेला. दुसऱ्याने 361पर्यंत राज्य केले.

नेमके तेच अक्षर आम्ही घासून टाकले. शतकानुशतके जमिनीत पडलेल्या तांब्यावर जे हिरवे कवच चढते, त्यालाच अनेकदा अक्षरांचे उठाव धरून असतात. आंबट रसाने ते कवच विरघळते. खाली उरतो तो खडबडीत धातू. साधे शुद्ध पाणी आणि मऊ कुंचला यांवाचून घरी काही करू नये, असे आता कोणीही जाणकार सांगेल. आमच्या वेळी चिंचेलाच मान होता.

नाणे आजही आजोबांच्या डबीत आहे. सोबतच्या चिठ्ठीवर आम्ही अँटिऑक आणि वर्षे लिहिली आहेत. नावाच्या जागी दोघा भावांची नावे आहेत.