पहिल्याच भेटीत एवढे प्रश्न कशासाठी?

मानसोपचारासाठी पहिल्यांदा गेलात की हातात एक प्रश्नावली येते. "झोप कशी लागते? भूक लागते का? कामात मन लागतं का?" अनेकांना वाटतं, 'ही कसली परीक्षा? आता माझ्यावर वेडेपणाचा शिक्का बसणार!' ही भीती खोटी ठरवायची तर या प्रश्नांचा इतिहास थोडक्यात समजून घ्या.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल, हे ओळखणं हा तिचा हेतू होता. पुढे १९१७ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरं असलेली प्रश्नावली बनवली. युद्धाच्या धक्क्याने कोण खचू शकेल, हे त्यातून पाहायचं होतं.

पण परक्या भाषेतले प्रश्न आपल्या माणसाला जसेच्या तसे विचारून कसं चालेल? त्याने कधी न पाहिलेल्या वस्तूंबद्दल विचारलं, तर उत्तर चुकणारच. त्यावरून त्याची बुद्धी कशी ठरवणार? म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने यांच्या चाचणीची नवी रचना केली. ते काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. 'बिने-कामत' चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते.

मनाच्या आजारांसाठीही अशी साधनं आली. १९६१ मध्ये अॅरन बेक यांनी नैराश्य मोजणारी प्रश्नावली दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पीएचक्यू-९' मध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दल फक्त नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गुण १० किंवा जास्त आले, तर डॉक्टर अधिक तपासणी करतात. ताप मोजला म्हणजे मलेरिया सिद्ध होत नाही, तसंच केवळ गुणांवरून निदान होत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो विचारल्याने असे विचार मनात येत नाहीत. उलट, आत दडलेलं बोलायला वाट मिळते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात बुलढाणाही आहे. आशाताई घरी येऊन विचारपूस करतात, ती याचसाठी. नापिकी, कर्ज, मुलीचं लग्न या काळज्यांनी खचलेला माणूस स्वतःहून दवाखान्यात क्वचितच येतो. "डोकं दुखतं, जीव घाबरतो" एवढंच तो सांगतो. बाकीचं विचारावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत इतकं करा: खरं आणि आपल्याच शब्दांत सांगा. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. घरच्यांसमोर बोलायचं नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

काही आठवड्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारले जातील. तेव्हा आजच्या उत्तरांशी ताडून पाहता येईल, की उपचार लागू पडतोय की बदलायला हवा. आणि मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका; १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर लगेच फोन करा.